औरंगपुऱ्यातली जुनी पुस्तकं: सस्पेन्स घेताना काय तपासायचं

छत्रपती संभाजीनगरात सायकॉलॉजिकल थ्रिलर, म्हणजे मनोथरार, स्वस्तात वाचायचं असेल तर औरंगपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांकडेच जावं. हा प्रकार बहुतेकदा एकदाच वाचला जातो. शेवट कळला की पुस्तक कपाटात पडून राहतं, त्यामुळे पूर्ण किंमत मोजण्यात अर्थ नाही. इथे धड स्थितीतल्या प्रतीची बोली छापील किमतीच्या निम्म्यापासून सुरू होते. 'वाचून परत आणलं तर कितीला घ्याल?' हे पैसे देण्याआधीच विचारून घ्यायचं. 300 रुपयांचं पुस्तक 150 ला घेतलं आणि 100 ला परत गेलं, तर वाचन 50 रुपयांत झालं.

मे-जूनमध्ये मात्र जाऊ नका. तेव्हा शाळा-कॉलेजची क्रमिक पुस्तकं पुढे येतात आणि कादंबऱ्यांचे गठ्ठे मागे, बांधलेलेच राहतात. एरवीही स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी जागा अडवलेली असते, म्हणून 'मामा, सस्पेन्सचं काय आलंय?' असं तोंडाने विचारलेलं बरं. मामा जो गठ्ठा काढून देतील त्यात सगळं एकत्र असेल: बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा, नारायण धारपांच्या भयकथा, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा आणि इंग्रजी थ्रिलर. विक्रेत्यासाठी हे सगळं 'सस्पेन्स' असलं तरी वाचणाऱ्यासाठी ते वेगवेगळं आहे. रहस्यकथेत गुन्हा कोणी केला हे शोधायचं असतं. धारपांकडे भीती बाहेरून येते, अमानवी असते. मनोथरारात माणूस घरातलाच असतो आणि गोष्ट सांगणाऱ्यावरच विश्वास ठेवावा की नाही हा प्रश्न असतो. हेच हवं असेल तर नवऱ्या-बायकोच्या, बहिणींच्या किंवा शेजाऱ्यांच्या गोष्टी बाजूला काढा, तपास अधिकाऱ्याच्या मालिका राहू द्या.

आता प्रत तपासायची. हे काम सस्पेन्सच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचं आहे. प्रवासवर्णनातली सोळा पानं गेली तरी चालून जातं, इथे मात्र पुस्तकच वाया जातं. पुस्तक साधारणपणे 16 पृष्ठांच्या फॉर्मांनी, म्हणजे एका कागदाची घडी घालून केलेल्या जुडग्यांनी, बनतं. म्हणून 16-17, 32-33, 48-49 असे दोन फॉर्मांमधले सांधे, पानांचे आकडे सलग आहेत ना, बघत जायचं. 240 पानी कादंबरीत असे 14 सांधे, दोन मिनिटांचं काम. सुरुवातीची पानं वेगळी मोजलेली असली तर आकडे थोडे सरकतात, पण एक सांधा सापडला की पुढचे 16-16 च्या अंतराने मिळतात. सगळ्यांत फसवा दोष म्हणजे दुबार फॉर्म: 161 ते 176 दोनदा लागलेला आणि 177 ते 192 गायब. जाडी तेवढीच राहते, शेवटचं पानही जागेवर असतं, म्हणून वरवर चाळून काही कळत नाही. कथेची मोठी कलाटणी बहुधा शेवटच्या पाव भागात असते, तेव्हा घाई असली तरी 160 च्या पुढचे सांधे सोडू नका.

नंतर बांधणी बघा. पुस्तक एखाद्या फॉर्मच्या मधोमध उघडून कण्याकडे पाहा. दोरा दिसला तर शिलाई आहे, निर्धास्त घ्या. नुसता डिंक असेल तर आपल्याकडच्या उन्हाचा विचार करा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तापलेल्या पत्र्याखाली दोन-तीन उन्हाळे काढलेला डिंक कडक होतो आणि पुस्तक पूर्ण उघडलं की कट्‌कन तडकतो. मग पानं एकेक सुटतात, सगळ्यांत आधी पहिली आणि शेवटची. कणा हलकेच वाकवला आणि कटकट आवाज आला, तर ती प्रत ठेवून द्या.

इंग्रजी थ्रिलरमध्ये नकली प्रतींचा सुळसुळाट आहे. मुखपृष्ठावरचं नाव मूळ आवृत्तीत बऱ्याचदा उठावाचं असतं, नकलीत बोट फिरवलं तर सपाट लागतं. मागचा बारकोड फिसकटलेला, कागद इतका पातळ की पलीकडच्या ओळी दिसतात, समास एका बाजूला तिरका. असली प्रत निम्म्या किमतीतही महागच. फॉर्म गहाळ असण्याचा धोका इथेच सर्वाधिक, आणि लेखकाला त्यातून एक पैसाही मिळत नाही.

मराठी अनुवाद घेताना आणखी एक कसोटी लावा. अनेक इंग्रजी मनोथरारांत मधूनमधून एखाद्या निनावी माणसाने 'मी' म्हणून सांगितलेली छोटी प्रकरणं येतात. तो 'मी' पुरुष की बाई हे शेवटपर्यंत लपवायचं असतं. इंग्रजीत ते सहज जमतं. मराठीत 'मी गेलो' किंवा 'मी गेले' लिहिताक्षणी अर्धं रहस्य फुटतं. जाणता अनुवादक अशा जागी क्रियापदं निवडून वापरतो: 'मी दार उघडलं', 'मला पावलं ऐकू आली', 'मी रोज त्या घरासमोरून जात असे'. या वाक्यांत बोलणाऱ्याचं लिंग कळत नाही. घाईने अनुवाद करणारा सरसकट 'मी हसलो, मी बसलो' करून टाकतो आणि वाचकाला चुकीच्या माणसामागे लावतो. ही लेखकाची चाल नसते, अनुवादातली चूक असते, आणि शेवटी कादंबरी उगाच खोटी वाटते. दुकानात उभ्या उभ्या असं एक प्रकरण उघडून चार वाक्यं वाचा, लगेच कळेल. मागची पानं उघडू नका, पहिल्या तीसांत बघा.

श्रेयपानही वाचा. मूळ पुस्तकाचं नाव, मूळ लेखक आणि अनुवादाचे हक्क छापलेले हवेत. 'संक्षिप्त' किंवा 'स्वैर रूपांतर' असेल तर टाळा. मूळ साडेतीनशे पानांचं पुस्तक मराठीत दीडशेत बसवताना आधी कापली जातात ती बारीकसारीक वर्णनं, आणि या प्रकारात सुगावे नेमके तिथेच पेरलेले असतात. प्रस्तावना आणि अनुवादकाचं मनोगत कादंबरी संपल्यावर वाचा. आपल्याकडे प्रस्तावनेत कथानक सांगून टाकायची सवय आहे. मलपृष्ठावरचा मजकूरही दोन ओळींपुढे नको. आधीच्या वाचकाने पेन्सिलीने काही लिहिलंय का, हे मात्र विक्रेत्याला किंवा सोबतच्या माणसाला बघायला सांगा, कारण 'खुनी हाच' असं समासात लिहिलेल्या प्रती बाजारात येतात.

नवे मराठी अनुवाद इथे फार कमी मिळतात, ही या बाजाराची मोठी उणीव. त्यासाठी सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी भरणं बरं. पण वाचनालयाच्या थ्रिलरची प्रत खूप हातांतून गेलेली असते. पुन्हा बांधताना कडा कापल्या जातात आणि कधी ओळीची शेवटची अक्षरं जातात, तेव्हा तिथेही सांधे तपासूनच पुस्तक नावावर टाकून घ्या.

व्यवहार ठरला की पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तारीख, दिलेली रक्कम आणि परतीची रक्कम मामांकडूनच लिहून घ्या. घरी आल्यावर फॉर्म कमी निघाला तर दुसऱ्याच दिवशी जा. चारेक दिवस गेले की पान दुकानात फाटलं की घरी, यावर वाद होतो.