शिंजुकूतली खिडकीजवळची जागा : 38,904 रुपये

टोकियोला जाणाऱ्यांनो, शिंजुकूत रात्री कोणी टॅब्लेट नाचवत 'स्कायलाइन व्ह्यू, विंडो सीट' म्हणत जवळ आला, तर थांबूसुद्धा नका. आम्ही थांबलो आणि 64,416 येन मोजले. कार्डाच्या स्टेटमेंटवर त्याचे 38,904 रुपये झाले, कारण बँकेने वर साडेतीन टक्के मार्कअप लावला आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. लुबाडले गेलो त्यावरही कर!

दलालाच्या मागे गेलातच कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी सांगतो. सासूबाई माळकरी. तिकडे साध्या भाजीच्या रश्श्यातही माशाचा अर्क असतो. बिचाऱ्यांनी दिवस केळी आणि घरून नेलेल्या दशम्यांवर काढलेला. शनिवारची रात्र, उंचावरच्या बऱ्या हॉटेलांत जागा नाही, आणि हा पोरगा म्हणतो, "व्हेज ओके, नो फिश, नो एग." माणशी 3,500 येन, चौघांचे 14,000. टॅब्लेटवर झगमगत्या टॉवरचे फोटो. तुम्ही काय केलं असतं?

पण इमारतीच्या दाराशी मला कळायला हवं होतं, हे मात्र डोक्यातून जात नाही. जपानमध्ये गल्लीतल्या नूडल्सवाल्याच्या दारातसुद्धा काचेच्या कपाटात प्लॅस्टिकचे पदार्थ मांडलेले असतात, खाली किंमत लिहिलेली. इथे काही नाही. ना मेनू, ना किंमत. अरुंद लिफ्ट आणि दाराशी सिगारेट ओढणारा एक माणूस. बायको म्हणालीही, "अहो, इथे भाव कुठे लिहिलेत?" मी म्हणालो, "आत असतील." आत भिंतीवर जपानीत हाताने लिहिलेला एक कागद होता. दिवसभर दुकानातल्या प्रत्येक बिस्किटाच्या पुड्यावर फोन धरून भाषांतर वाचणारा मी, त्या कागदावर फोन धरला नाही. सासूबाई एकदाच्या टेकल्या होत्या, त्यांना पुन्हा उठवायचं का?

आणि तो व्ह्यू! सातवा मजला. समोर दुसऱ्या हॉटेलची भिंत, बाजूने टॉवरची चिंधीभर रोषणाई.

बिल असं आलं : जेवण 14,000. बसण्याचे माणशी 2,200. न मागता समोर ठेवलेल्या वाटीचे माणशी 1,500 (त्यात स्क्विड होता, सासूबाईंनी ताट सरकवलं). खिडकीचे माणशी 4,000. शनिवार म्हणून माणशी 1,000. त्यावर 20 टक्के सर्व्हिस, त्यावर 10 टक्के कर. अशी वाटी तिकडे सगळीकडेच येते, पण एरवी तिचे तीनशे-पाचशे येन पडतात. मी वाद घातला, तर दोघे धटिंगण लिफ्टसमोर येऊन उभे राहिले. सासूबाई घाबरल्या. मी पिन टाकला.

इथेच लक्षात ठेवा : पैसे देण्याआधी, हॉटेलातूनच पोलिसांना 110 वर बोलवा. आम्ही नंतर चौकीत गेलो. हवालदार अतिशय नम्र, दोनदा वाकला, शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, हा तुमचा आणि दुकानाचा आपसातला व्यवहार, पोलीस त्यात पडत नाहीत. तक्रार लिहून घ्या म्हटलं, तर त्याने दलालांपासून सावध राहा असं छापलेलं पत्रक हातात दिलं. शिंजुकूत दलालीला बंदी घालणारा वॉर्डाचा नियम 2013 पासून आहे, तिथल्या काबुकिचो या रात्रीच्या करमणुकीच्या वस्तीत भोंग्यावरून इशारे चालू असतात, आणि त्याच भोंग्याखाली हे लोक गिऱ्हाईक पकडतात! मग भोंगा कोणासाठी?

इकडची बँक त्याहून थोर. "सर, चिप आणि पिनने व्यवहार झालाय, म्हणजे तुमची संमती आहे." धमकावून घेतलेली संमती, म्हटलं. "त्याचा पुरावा?" मूळ पावती पाठवली, तर म्हणे त्यावर दुकानाचं नाव नाही. नसणारच, चोर लेटरहेडवर पावती देतो का? आठवड्याभराने मेसेज : आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे. समाधान कोणाचं?

रात्रीच्या टोकियोचंच दर्शन हवं असेल, तर शिंजुकूतच महानगर सरकारच्या इमारतीत 45व्या मजल्यावर, 202 मीटर उंचीवर, फुकट गॅलरी आहे. आधी ती बघा, जेवण दारात किंमत लावलेल्या ठिकाणी घ्या. आंतरराष्ट्रीय कार्डाची मर्यादा ॲपमधून कमी करून ठेवा. दर तोंडी सांगितला तर कागदावर लिहून घ्या, लिहून देत नसेल तर चालू पडा.

बँकेचं 'बंद' हे उत्तर जोडून मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केलाय. तिथून आलेली पोच सध्या एवढंच सांगते की अर्ज मिळाला.