किट तपासण्यासाठी घेतलेला मल्टीमीटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात माझ्या मल्टीमीटरवर, म्हणजे व्होल्टेज, करंट आणि रोध मोजणाऱ्या मीटरवर, मिलीअँपिअरचे (करंटचे) आकडे येणे बंद झाले. 12 व्होल्टच्या अडॅप्टरचे व्होल्टेज पाहताना लाल वायर चुकून करंटच्या सॉकेटमध्येच राहिली होती. चूक माझी होती आणि विक्रेत्याला फोन केल्यावर ती मी सर्वांत आधी सांगितली. फ्यूज कोणता बसतो एवढेच मला विचारायचे होते, पण मीटर कुरिअरने पाठवा, तपासणीचे 350 रुपये पडतील, याखेरीज दुसरे उत्तर मिळाले नाही. 1600 रुपयांच्या वस्तूवर एका फ्यूजसाठी एवढा खर्च करणे मला पटले नाही. मागचे झाकण उघडले, 5 × 20 मिलिमीटरचा काचेचा फ्यूज निघाला आणि पुण्याच्या तापकीर गल्लीतून त्याच क्षमतेचे पाच फ्यूज आणून मीटर घरीच चालू केला. ही दुरुस्ती इतकी सोपी आहे की ती माहितीपत्रकात छापायला हवी होती.

हा मीटर मी मुळात घेतला तो त्याच्या 10 मेगाओहम इनपुट रोधासाठी, म्हणजे व्होल्टेज मोजताना मीटर स्वतः सर्किटला जो रोध लावतो त्यासाठी; तो जितका जास्त, तितका सर्किटवर परिणाम कमी. इलेक्ट्रॉनिक्सचे किट, म्हणजे सुटे भाग सोल्डर करून बनवायचे सर्किट, जोडणाऱ्याने मीटर निवडताना सर्वांत आधी हाच आकडा पाहावा, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यामागे वाया गेलेले दोन रविवार आहेत.

तेव्हा माझ्याकडे सर्वत्र मिळणारा 830 जातीचा पिवळा मीटर होता, ज्याचा इनपुट रोध 1 मेगाओहम असतो. 555 या टायमरच्या आयसीचे (चिपचे) किट जोडले होते. 9 व्होल्टची बॅटरी, 1 मेगाओहमचा रेझिस्टर आणि 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे हिशेबाने 110 सेकंदांनी रिले (विजेने चालणारा स्विच) सुटायला हवा. कपॅसिटर कसा भरतो ते पाहण्यासाठी मी आयसीच्या सहाव्या पिनवर, जिथे कपॅसिटर जोडलेला होता, प्रोब (मीटरच्या वायरचे टोक) धरला, तर आकडा साडेचार व्होल्टच्या आसपास येऊन थांबला आणि रिले काही सुटेना. आयसी बदलली, सोल्डरचे सगळे सांधे पुन्हा तापवले, कपॅसिटर उलटा बसला असेल म्हणून काढून पाहिला. दोष किटमध्ये नव्हताच. किटचा 1 मेगाओहमचा रेझिस्टर आणि मीटरचा 1 मेगाओहम यांनी 9 व्होल्ट निम्मे वाटून घेतले होते, आणि 555 ला तर 6 व्होल्टपर्यंत पोहोचल्याशिवाय वेळ संपल्याचे कळत नाही. प्रोब लावलेला असेपर्यंत ते किट कधीच सुटणार नव्हते.

नव्या मीटरने तेच किट तपासले तेव्हा रिले सुटला, परंतु 102 सेकंदांनी; प्रोब न लावता वेळ मोजली तर ती 94 सेकंद भरली. म्हणजे 10 मेगाओहमचा मीटरही किटला थोडा धक्का देतोच, फक्त तो धक्का 8 सेकंदांचा असतो आणि काम अडत नाही.

आता 110 ऐवजी 94 सेकंद का, हा प्रश्न उरला, आणि इथे मला माझे एक मत बदलावे लागले. पहिल्या दोन महिन्यांत मी मित्रांना सांगत होतो की कपॅसिटर मोजण्याच्या सोयीसाठी जास्त पैसे देऊ नका, कारण मायक्रोफॅरडचा आकडा तर कपॅसिटरवर छापलेलाच असतो. त्या दिवशी कपॅसिटर काढून, त्याची दोन्ही टोके रेझिस्टरने जोडून रिकामा केला आणि मीटरला लावला, तर 100 ऐवजी 85 मायक्रोफॅरड आले. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये 20 टक्क्यांचा फरक मान्य असतो, हे मी वाचलेले होते, पण त्यामुळे टायमरची वेळ कशी बदलते ते पहिल्यांदा पाहिले. ज्यांना टायमर आणि ऑसिलेटर (ठरावीक वेगाने सिग्नल देणारी सर्किटे) जोडायचे आहेत त्यांनी ही सोय अवश्य घ्यावी.

तक्रार आहे ती कंटिन्युइटीच्या, म्हणजे दोन टोके जोडलेली आहेत हे आवाजाने सांगणाऱ्या, बझरबद्दल. तो प्रोब टेकवल्यानंतर जवळजवळ अर्ध्या सेकंदाने वाजतो, त्यामुळे बोर्डाच्या पट्ट्यांवरून प्रोब भरभर फिरवत शॉर्ट शोधणे जमत नाही. प्रत्येक ठिकाणी थांबावे लागते. या बाबतीत माझा जुना पिवळा मीटर सरस होता आणि एवढ्या एका कामासाठी तो मी अजून टेबलावर ठेवला आहे. आपोआप रेंज (मोजण्याची मर्यादा) निवडण्याच्या मंदपणाचा मात्र आता त्रास होत नाही, कारण रेंजचे बटण दाबून ती पक्की करता येते.

मीटर विकत घेताना 1 मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडून 9 व्होल्टच्या बॅटरीला लावावेत आणि मधल्या सांध्यावरचे व्होल्टेज दुकानातच मोजून पाहावे. बॅटरी पूर्ण भरलेली असेल आणि मीटर 4.3 च्या जवळपास दाखवत असेल तर तो घ्यावा. त्याने 3 दाखवले, तर तो घरच्या वायरिंगसाठी ठीक आहे, किटसाठी नाही.