आयएमईआय खरा, फोन डुप्लिकेट आणि माझे 38,500 गेले

आधी आकडा सांगून टाकतो, 38,500 रुपये. 18,500 कॅश, 20,000 यूपीआय. वर कव्हर आणि ग्लासचे 450 वेगळे, तेही फोन विकणाऱ्या मुंबईतल्या दुकानदारानेच घेतले, म्हणजे डुप्लिकेट फोनला ओरखडा पडू नये म्हणून पण पैसे मीच भरले. आयफोन 14 प्रो मॅक्स म्हणून जे घरी आणलं ते आतून अँड्रॉइड निघालं. लाज वाटतेय लिहायला, मेव्हण्याला तर अजून सांगितलेलं नाही (वाचत असशील तर कळलं तुला), पण ओळखीतल्या अजून एकाला अगदी असाच माल लागला म्हणून आता लिहितोच.

"एवढ्या स्वस्तात आयफोन मिळतो का कुठे" असं म्हणणारे खूप भेटले. अहो, मला भाव माहीत नव्हता असं नाही. 2022 ला निघाला तेव्हा 1,39,900 चा होता, पण दोन-तीन वर्षं जुनं मॉडेल, सेकंडहँडमध्ये निम्म्याने मिळतोच. त्यात हा दुकानदार म्हणाला, "काका, कस्टमचा लॉट आहे, दुबईवरून आलेला, लिलावात सुटलेला माल." कस्टमवाले पकडलेला माल लिलावात काढतात हे काही खोटं नाही, पेपरात जाहिराती येतात. 45,000 सांगितले, मी 35 म्हटलं, 38,500 ला तुटलं. खोटा माल असता तर एवढी घासाघीस कशाला केली असती त्याने, असं मला तेव्हा वाटलं. मुलगी इंजिनिअरिंगला लागली होती, तिला कबूल केलं होतं, आणि मी मुंबईला कामासाठी गेलेलोच होतो.

आणि मी तपासलं. न तपासता घेतला असं कोणी म्हणू नका. स्टार हॅश झिरो सिक्स हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर, काढला, बॉक्सवरच्या नंबरशी जुळवला, जुळला. मग सरकारचंच सांगणं आहे ना, KYM लिहून पुढे तो 15 आकडी नंबर टाकून 14422 ला एसएमएस करा, तोही केला. उत्तर आलं, कंपनी अ‍ॅपल, मॉडेल बरोबर. अजून काय करायचं असतं माणसाने? नंतर कळलं की हे लोक कुठल्यातरी खऱ्या फोनचा नंबर उचलतात आणि तोच शेकडो नकली फोनांत टाकतात. नंबर खरा म्हणजे त्या नंबरचा फोन जगात कुठेतरी आहे एवढंच, तुमच्या हातातला तो आहे असं नाही. हे मला कुठल्याही सरकारी जाहिरातीत धडपणे सांगितलेलं दिसलं नाही.

आता ज्या गोष्टीने मला रात्री झोप लागत नाही ती सांगतो. बॉक्सवर प्लास्टिक रॅप होतं आणि आत चार्जर आणि इयरफोन होते. 2020 पासून आयफोनच्या बॉक्समध्ये चार्जर येत नाही, हे मला माहीत होतं हो, यावरून आमच्या ऑफिसात आम्ही किती हसलो होतो, लाख रुपये घेतात आणि चार्जर देत नाहीत म्हणून. आणि आयफोन 13 पासून तर बॉक्सला प्लास्टिक पण नसतं, ओढायची कागदी पट्टी असते. मी त्याला विचारलंसुद्धा, चार्जर कसा काय आत? तो हसून म्हणाला, "बाहेरच्या देशात द्यावा लागतो काका, तिकडचा कायदा कडक आहे, तुमचा फायदाच झाला ना." आणि मला आनंद झाला!! दीड-दोन हजार वाचले म्हणून मी मनातल्या मनात हिशोब केला. तिथेच, त्याच सेकंदाला फोन टेबलावर ठेवून उठायला हवं होतं, पैसे अजून खिशात होते, पण फुकटचा चार्जर बघून डोकं चाललं नाही आणि त्याने ते ओळखलं.

फेस आयडी पण तसंच. खरा आयफोन चेहरा नोंदवताना मान गोल फिरवायला लावतो, दोनदा. याने एका झटक्यात चेहरा घेतला. मला वाटलं नवीन मॉडेल, फास्ट असेल. घरी आल्यावर मिसेसने सहज समोर धरला तर उघडला.

मुलीने रात्री अ‍ॅप स्टोअर उघडलं तर गुगलचं अकाउंट मागायला लागला. अ‍ॅपल आयडी टाकताना पासवर्ड चुकला तिचा, तरी लॉगिन झालं. म्हणजे ते पानच बनावट, जे टाकाल ते जिथे जायचं तिथे गेलं. त्याच रात्री तिचे सगळे पासवर्ड बदलले. तुम्हीही असा फोन हातात आलाच तर पहिलं हे करा, आणि बँकेचं, यूपीआयचं काहीही त्यात टाकू नका, नकली फोनांत आधीपासून मालवेअर भरलेलं सापडलेलं आहे. तीन कॅमेऱ्यांपैकी दोन नुसत्या काचा, बोट ठेवलं तरी फोटो तसाच येतो. 256 जीबी लिहिलंय, प्रत्यक्षात किती ते व्हिडिओ भरायला लागलो तेव्हा दिसलं.

आता तक्रारीचं ऐका. हेल्पलाईनला फोन लावला तर बाई म्हणाल्या, "वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग हे सायबरमध्ये येत नाही." वीस हजार यूपीआयने गेलेत, तेही दुकानाच्या नाही, कुठल्यातरी बाईच्या नावच्या खात्यात, तरी सायबर नाही. आमच्या इथल्या पोलीस स्टेशनला गेलो, म्हणे व्यवहार मुंबईत झाला, तिकडे जा. मी म्हटलं झिरो एफआयआर घेता येतो ना कुठेही, आता नव्या कायद्यात तर लिहूनच दिलंय. त्यावर ठाणे अंमलदार साहेब म्हणाले, "वकील आहात का?" मुंबईला गेलो तर पहिला प्रश्न, बिल आहे का. नाही ना! "बिल घेतलं तर 18 टक्के जीएसटी लागेल काका" म्हणून त्याने चिठ्ठी दिली होती, त्यावर '1 पीस, नो रिटर्न' आणि खाली एक रेघोटी. मग तिथल्या साहेबांनी जे ऐकवलं ते डोक्यातून जात नाही. "कस्टमचा माल म्हणून घेतला म्हणता, म्हणजे स्मगलिंगचा समजूनच घेतलात की. मग आधी तुमच्यावरच बघायला लागेल." बाजूचे दोघं हसले. दुकान तिथून चालत पाच मिनिटांवर, उघडं, गिऱ्हाईक चालू. आयएमईआयशी छेडछाड म्हणजे 2023 च्या टेलिकॉम कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि इथे अर्जावर शिक्का मारून द्यायला माणूस जागेवर नाही! बँकेने सांगितलं तुम्हीच पिन टाकलाय. कंपनीच्या कस्टमर केअरने सांगितलं विक्रेत्याशी संपर्क साधा. अरे, विक्रेत्याशी संपर्क साधूनच तर हे झालं.

आणि म्हणूनच ते 'कस्टमचा माल' म्हणतात, हे मला तिथे उभं असताना समजलं. तुम्हालाच अर्धा चोर करून ठेवायचं, म्हणजे तक्रार करायला तोंड राहत नाही. मी चोर नाही. मी पैसे मोजून दिले.

तर, फोन घेताना कॉम्प्युटरला लावून बघा, लॅपटॉप घेऊन जा बरोबर, आयट्यून्समध्ये (अ‍ॅपलचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) आला नाही तर उठा. सेटिंगमध्ये अबाऊटला जाऊन मॉडेल नंबरवर बोट दाबा, खऱ्यात तो बदलून ए ने सुरू होणारा दिसतो. लावलेली ग्लास काढू देत नसेल तर घेऊ नका. बिल नाही तर फोन नाही, 18 टक्के गेले खड्ड्यात. पैसे खासगी नावाच्या क्यूआरवर कधीच नाही.

ग्राहक आयोगात टाकतोय आता, 2019 च्या कायद्याने स्वतःच्या जिल्ह्यात टाकता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही, पण समोरच्याचं खरं नाव-पत्ता लागतो, तिथे गाडं अडलंय. गल्लीतल्या रिपेअरिंगवाल्याने फोनचे 2,500 देऊ केले. वर म्हणतो, "काका, पुढे दहाला जाईल आरामात." दिला नाही. बॉक्ससकट कपाटात ठेवलाय, पोलिसांना कधी मुद्देमाल हवासा वाटला तर. चार्जर पण आतच आहे, तोही दहा मिनिटांत हात लावता येणार नाही इतका तापतो.