एकच जीव की पुन्हा पुन्हा जीव?

सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या माझ्या भाच्याने बीजीएमआय या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळाबद्दल विचारले, "मामा, बीजीएमआयमध्ये क्लासिक खेळू की टीम डेथमॅच?"

क्लासिकमध्ये एरंगेल नावाच्या आठ किलोमीटर लांब-रुंद नकाशावर 100 खेळाडू उतरतात, शेवटपर्यंत टिकणारा जिंकतो, सामना अर्ध्या तासापर्यंत चालतो आणि लवकर बाद झाल्यास जमवलेली शस्त्रे तर जातातच, शिवाय क्रमवारीचे गुणही घटतात. टीम डेथमॅचमध्ये चार विरुद्ध चार; एका संघाचे 40 बळी घेऊन झाले किंवा 10 मिनिटे संपली की सामना संपतो. मेलेला खेळाडू काही सेकंदांत परत येतो.

थराराच्या बाबतीत मला क्लासिक निःसंशय सरस वाटते, कारण गमावण्यासारखे काही हाती असते म्हणूनच आक्रसत जाणाऱ्या सुरक्षित क्षेत्राच्या शेवटच्या वर्तुळात गवतात पडून राहिलेल्या खेळाडूचे काळीज, एकही गोळी न झाडता, धडधडू लागते आणि तळहात घामेजतात. मात्र हाच ताण नवख्याचा नेम बिघडवतो. शिवाय पावसाळ्यात वायफाय गेले की सगळी मेहनत वाया जाते. ती हळहळ मी अनुभवली आहे. टीम डेथमॅचमध्ये हरण्याची किंमत नगण्य असल्याने सराव भरपूर होतो, पण जिंकल्याचा आनंदही लवकर विरतो.

नेम घोटायचा असेल किंवा हाती पंधराच मिनिटे असतील, तर टीम डेथमॅच. तीन भरवशाचे मित्र आणि निवांत रविवार असेल, तर क्लासिक. भाच्याची यंदा बारावी आहे, म्हणून त्याला मी तूर्त टीम डेथमॅच सुचवले.