रंकाळा की पन्हाळा?

लिहिता लिहिता डोकं बधिर झालं की रोज थोडं उठावं, की एक दिवस सरळ सुट्टी काढावी?

कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाच्या काठाने चालायला खर्च शून्य, 40 मिनिटं पुरतात. वाक्य अर्धवट सोडून उठा; परतल्यावर कुठून सुरू करायचं हा प्रश्नच उरत नाही. मोबाईल घरीच ठेवा. खिशात असला तर डोकं मोकळं होत नाही, नुसते पाय दुखतात. चौपाटीवर भेळेला थांबलात तर मात्र तास गेलाच म्हणून समजा!

पन्हाळा किल्ला शहरापासून 20 किलोमीटर. पेट्रोल, जेवण, अख्खा दिवस. शिवाय दुसऱ्या दिवशी मोडलेली लय जुळवण्यात सकाळ जाते, खरी किंमत ती. पण आपलाच मसुदा जरा परका वाटतो, पाल्हाळ नजरेत भरतो.

एखादा परिच्छेद अडला असेल तर रंकाळा. मसुदा पुरा होऊन कापाकापी उरली असेल तर पन्हाळा.