नागावचं ‘पर हेड’ पॅकेज की दिवेआगरचं घर?

पाच माणसं, एक गाडी आणि दहा-बारा हजारांत समुद्र. आमच्या डोंबिवलीकडे दिवाळी उलटली की बहुतेक घरांत हा हिशेब होतो, आणि शेवटी दोन पर्यायांवर येऊन अडतो. पहिला, अलिबागजवळ नागाव-आक्षीच्या पट्ट्यातलं ‘पर हेड’ पॅकेज. माणशी ठरलेली रक्कम द्यायची, त्यात खोली, चारी वेळचं खाणं, पोहायचा तलाव, सगळं आलं. दुसरा, दिवेआगरसारख्या गावात कुणाच्या तरी वाडीतलं घर. तिथे खोलीचे पैसे वेगळे आणि जेवाल तेवढे जेवणाचे वेगळे.

मी एकाच हिवाळ्यात दोन्ही केलं, तीच पाच माणसं घेऊन: आम्ही दोघं, आई, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. त्यामुळे निदान माझ्यापुरती तुलना सरळ आहे. तुमच्या घरची माणसं वेगळी, सवयी वेगळ्या, तेव्हा थोडं कमी-जास्त करून घ्या.

आधी नागाव. तिथे आम्हाला माणशी 2,200 पडले. दहा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट, म्हणजे मुलगी पुरती आणि मुलगा अर्धा. एका रात्रीचे 9,900. ही रक्कम फोनवर कळली आणि निघताना जवळजवळ तेवढीच भरली. वर गेल्या त्या पाण्याच्या बाटल्या. या पद्धतीचं मोठं सुख हेच. ‘सुरमई घेऊ की नको, महाग असेल’ अशी कुजबुज टेबलावर होत नाही. बायको तर म्हणाली, की संबंध दिवसात मला कुणी ‘आज काय करायचं’ असं विचारलं नाही, याचेच 2,200 मी आनंदाने देईन. हे वाक्य मी विसरलेलो नाही. पुढे काही वाईट लिहिलं तरी ते या वाक्याच्या खालीच धरा.

मुलांचं म्हणाल तर तलाव दिसल्यावर त्यांना समुद्र आठवलाच नाही. कारंज्याखाली गाणी लावून नाचायचं, त्यालाही पोरं तयार. बारा-पंधरा जणांचा गट असेल, त्यात मावशा, काका, कडेवरची पोरं असतील, तर या व्यवस्थेला तोड नाही. एवढ्या जणांचं जेवण घरगुती ठिकाणी सांगायचं म्हणजे यजमानावर अन्याय आणि आपली पंगत दीड तास लांब.

‘अनलिमिटेड’ या शब्दाबद्दल मात्र जरा सांगतो. पोळ्या, भात, डाळ, कोंबडीचा रस्सा हे खरंच लागेल तेवढं होतं. सुरमईच्या ताटाशी मात्र एक मुलगा चिमटा घेऊन उभा होता. माणसाकडे बघायचा, ताटात एक तुकडा ठेवायचा आणि पुढच्याकडे वळायचा. तुकडा तळहाताएवढा, पण पातळ, रव्यात घोळवून कडक तळलेला. मी दुसऱ्यांदा रांगेत उभा राहिलो तेव्हा त्याने ओळख दाखवून छान हसून डाळ वाढली. त्याचा काही दोष नाही. 2,200 मध्ये चारी वेळचं खाणं आणि खोली बसवायची, तर मासा मोजूनच द्यावा लागणार. तेव्हा मासे खायला म्हणून चालला असाल तर ‘पर हेड’चा विचार इथेच थांबवा. आम्ही काही तेवढ्यावर बिनसलो नाही.

बिनसलो घड्याळावर.

खोलीच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. दुपारचं जेवण एक ते अडीच, चहा पाच ते सहा, रात्रीचं जेवण साडेआठ ते दहा, नाश्ता साडेआठ ते दहा, आणि खोली दहाला सोडायची. वाचताना काही वाटलं नाही, लग्नाच्या कार्यालयातही असंच असतं. शनिवारी साडेअकराला पोचलो, कपडे बदलले, मुलांना ओढून समुद्रावर नेलं. पाणी चढत होतं, लाटा बेताच्या, ऊनही सोसवेल असं. तास-सव्वा तास झाला, सगळे रंगात आले आणि मी घड्याळ बघायला लागलो. एकच्या पुढे गर्दी होईल, दोननंतर सुरमई संपेल, आधी अंघोळी, त्यात दोन खोल्यांना मिळून एकच गरम पाण्याचा नळ. पोरांना दंडाला धरून बाहेर काढलं. जेवून पुन्हा तीनला आलो तर भरती होऊन गेली होती, पाणी उतरायला लागलं होतं आणि किनाऱ्यावरचा माणूस शिट्टी मारून सगळ्यांना मागे बोलवत होता. उतरत्या पाण्यात ओढ असते, तिथे हट्ट करायचा नसतो. मग आम्ही तलावात गेलो. तलाव काय, डोंबिवलीतही आहे.

पण खरं लागलं ते रविवारी. रविवारी संकष्टी होती. आईचा उपास. अलिबागच्या समुद्रात कुलाबा किल्ला आहे, आंग्र्यांचा. आत गणपतीचं जुनं देऊळ आहे आणि ओहोटीला किल्ल्यात चालत जाता येतं. आईने आठ दिवस आधीपासून मनाशी धरलं होतं, की संकष्टीला त्या गणपतीचं दर्शन घ्यायचं. आमचं चुकलं ते असं: नाश्ता साडेआठला सुरू होतो, पैसे भरलेले आहेत, मुलांना भूक लागेल, तेव्हा खाऊन, खोली सोडून मगच निघू. पोहे आणि ऑम्लेट यायला नऊ झाले. आई शेजारी बसून काळा चहा पीत होती. तिच्यासाठी उपासाचं काही मिळेल का विचारलं, तर ‘आदल्या दिवशी सांगायला हवं होतं, वेगळा चार्ज आहे’. म्हणजे उपास करणारं डोकंही पुरतं डोकं. मग सामान भरलं, तर आमच्या गाडीच्या मागे कुणीतरी गाडी लावून झोपलेलं. अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सव्वादहा होऊन गेले होते. किल्ला समोर, पायऱ्या मोजता येतील इतका जवळ. वाळूवरून अजून माणसं परत येत होती, पण येणाऱ्यांच्या पोटऱ्या भिजलेल्या. घोडागाडीवाला म्हणाला, “जाल हो, पण येताना पाणी भरलेलं असंल. बोटीनं यावं लागंल.” आई बोटीत बसत नाही. तिने चपला काढल्या, ओल्या वाळूत उभं राहून किल्ल्याकडे हात जोडले आणि म्हणाली, “चला, पोरांना ऊन लागतंय.”

आता यात पॅकेजवाल्याने काय बिघडवलं? काहीच नाही. दीडशे माणसांचं स्वयंपाकघर वेळेवरच चालणार. आम्ही नाश्ता सोडून साडेसातला निघालो असतो तर दर्शन झालं असतं. पण पैसे भरलेला नाश्ता सोडवत नाही, गोम तिथेच आहे. वेगळे पैसे द्यायचे असते तर मी वाटेत वडापाव घेऊन मोकळा झालो असतो.

महिनाभराने दिवेआगरला गेलो, आणि नागावला नेमकं काय झालं होतं ते मला तिथे कळलं.

दिवेआगरच्या अडचणी आधी सांगून टाकतो, नाहीतर एकतर्फी वाटेल. रस्ता लांब. माणगावच्या बाजारात पाऊण तास गाडी हलली नाही, पुढे म्हसळ्यापर्यंत वळणं, मुलगा एकदा ओकला. तलाव नाही; त्याने पोचल्या पोचल्या तेच विचारलं. संध्याकाळी वाडीत डास असे, की बोलताना तोंड उघडायची भीती. रात्री साडेनऊला गाव झोपतं. ‘बसायचा’ बेत असेल तर अशा घरात आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. आम्ही उतरलो ते घर शाकाहारी, त्यामुळे मासे खायला दोन आळ्या ओलांडून दुसऱ्या घरी जावं लागलं, तेही सकाळी फोन करून सांगायचं. आणि बिल किती होईल ते शेवटपर्यंत कळत नाही. पापलेटचा भाव भरडखोलच्या बोटींना काय मिळालं त्यावर, आणि तो ऐकून बायकोने माझ्याकडे बघितलं ते नागावला बघितलं नव्हतं.

आता ती गोष्ट. पहिल्या संध्याकाळी त्या घरच्या काकूंनी विचारलं, “उद्या जेवायला किती वाजता बसाल?” मी सवयीने म्हटलं, तुमची जी वेळ असेल ती. त्या म्हणाल्या, “आमची कसली वेळ? तुम्ही समुद्रावर कधी जाणार ते सांगा.” मला सांगता येईना. तेव्हा त्यांचे यजमान झोपाळ्यावरून उठले, भिंतीवरच्या कॅलेंडरशी गेले आणि म्हणाले, “उद्या षष्ठी. सहाचे पाऊणपट साडेचार. साडेचारला पूर्ण भरती, सव्वादहाच्या सुमाराला ओहोटी. सकाळी लांबवर चालून या, शिंपले मिळतील. पोहायला दीडच्या पुढे जा, चारला बाहेर या.” काकूंनी लगेच मांडणी केली: अकराला घावन आणि ओल्या नारळाची चटणी, पोहून आल्यावर सव्वाचारला जेवण, रात्री नुसता मऊ भात आणि मेतकूट. “भरल्या पोटी पोरांना पाण्यात कशाला घालायचं?”

कोकणात हा हिशेब पोराटोरांना येतो, मला चाळिशी ओलांडल्यावर कळला. पंधरवड्यातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. तिथून सव्वासहा तास सरकलं की ओहोटी. थोडं इकडेतिकडे. रोज भरती साधारण पाऊण तास, पन्नास मिनिटं पुढे जाते, ती अशी. त्या रात्री मच्छरदाणीत पडून मी नागावचा हिशेब केला. शनिवारी तृतीया होती: भरती सव्वादोनला, म्हणजे पोहायची वेळ अकरा ते दोन, आणि जेवणाची एक ते अडीच. रविवारी चतुर्थी: भरती तीनला, ओहोटी नऊच्या आसपास, आणि नाश्ता साडेआठ ते दहा. समुद्राने आम्हाला दोन्ही दिवशी चांगली वेळ दिली होती. दोन्ही दिवशी आम्ही ताट घेऊन रांगेत होतो.

दुसऱ्या दिवशी सगळं काकूंनी मांडलं होतं तसं झालं. सव्वाचारला जेवायला बसलो तेव्हा मुलांचे केस ओले होते आणि बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या. ताटात वालाचं बिरडं, बटाट्याच्या काचऱ्या, सोलकढी आणि आदल्या रात्री सांगून ठेवलेले उकडीचे मोदक. मोदकाची पारी इतकी पातळ, की आतला गूळ बाहेरून दिसत होता. आईने तीन खाल्ले. घरी ती एकावर थांबते. संध्याकाळी तिला सुवर्णगणेशाच्या देवळात नेलं. 1997 साली इथल्या वाडीत पेटीत सापडलेला सोन्याचा मुखवटा, 2012 सालचा तो दरोडा, हे सगळं तिला पेपरात वाचून पाठ होतं, तेच तिने नातवंडांना तिथे उभं राहून सांगितलं. बाहेर आल्यावर म्हणाली, “एक राहिला, एक झाला.” मी काही बोललो नाही.

पैशांचं सांगायचं तर दोन खोल्यांचे दोन रात्रींचे 6,000, आणि खाण्याचे, मासे धरून, 5,700. म्हणजे 11,700 मध्ये दोन रात्री. नागावला 9,900 मध्ये एक. ऐन नाताळात किंवा जोडून सुट्टीत हे आकडे दोन्हीकडे बदलतील, आणि तुम्ही माझ्यापेक्षा जास्त मासे खात असाल तर दिवेआगरचं बिल चांगलंच फुगेल. शिवाय एक रात्र म्हणजे त्या रस्त्यासाठी फार कमी. शनिवार-रविवारच असेल तर मी तरी दिवेआगर सुचवणार नाही. गाडी नसेल तरी नागाव सोपं. मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरायचं आणि पुढे रिक्षा.

नागावला जाणारच असाल तर फोनवर दर विचारण्याआधी जेवणाच्या वेळा विचारा, नाश्ता बांधून मिळेल का ते विचारा, घरात कुणाचा उपास असेल तर आदल्या दिवशी सांगा. दिवेआगरला फक्त मासे आणि मोदक आदल्या रात्री सांगायचे असतात, बाकी यजमानच विचारतात.

मीही पुढच्या महिन्यात पुन्हा नागावलाच चाललो आहे. मावसभावांची सतरा जणांची टोळी आहे, तिथे दुसरं काही जमणारच नाही. तारीख ठरवायच्या वेळी सगळे दर बघत होते, मी कॅलेंडर काढलं. शनिवारी अष्टमी येते. भरती सहाला, ओहोटी बाराला. एकला जेवायचं, साडेतीन ते साडेपाच पाण्यात. चहा-भजी चुकतील, चुकू देत. किल्ल्याचं मात्र कुणाला बोललो नाही. अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही बेताची, त्यामुळे ते पुरतं हटत नाही. त्यासाठी आईला घेऊन वेगळं जायचं आहे, नाश्त्याचे पैसे न भरता.