व्हार्निश 6.0: गर्दीच्या साइटसाठी दोन वर्षांचा अनुभव

आमची साइट लेखांची. मागे अपाची हा वेब सर्व्हर, पानं बनवणारी पीएचपी आणि डेटाबेस. एरवी सगळं सुरळीत, पण एखादा लेख फिरायला लागला की सर्व्हर मान टाकायचा. चार कोअरच्या मशीनवर लोड, म्हणजे एकाच वेळी रांगेत असलेली कामं, 40 च्या पुढे गेलेला मी पाहिलाय. शेकडो लोक मागतायत ते पान एकच, आणि पीएचपी ते प्रत्येकासाठी नव्याने बनवत बसतंय, याची चीड यायची. रॅम वाढवली, क्वेऱ्या सुधारल्या, तरी दुखणं तसंच. शेवटी सर्व्हरच्या पुढे व्हार्निश बसवलं. हा कॅशचा प्रोग्राम: एकदा बनलेलं पान साठवून ठेवतो आणि पुढच्या वाचकांना तेच देतो.

पॉल-हेनिंग कांप यांनी ते 2006 मध्ये नॉर्वेतल्या ‘व्हेर्डेन्स गांग’ या वृत्तपत्राच्या साइटसाठी लिहिलं, आणि ते वापरताना जाणवतं. कॅशमध्ये नसलेलं पान शंभर जणांनी एकदम मागितलं तर मागे एकच विनंती जाते. बाकीचे थांबतात आणि तेच उत्तर सगळ्यांना मिळतं. आमच्या साइटचा जीव वाचला तो मुख्यतः यामुळे.

पण बसवल्या बसवल्या फरक पडेल असं समजू नका. पहिला आठवडा आमच्याकडे काहीच बदललं नाही. कर्ल या कमांडने तेच पान पुन्हा पुन्हा मागवलं, तरी उत्तरातलं ‘एज’ हेडर (पान किती सेकंद कॅशमध्ये आहे ते) दर वेळी 0 आणि ‘एक्स-व्हार्निश’ या हेडरमध्ये एकच आकडा. पान कॅशमधून आलं की तिथे दोन आकडे दिसतात. खोदल्यावर कळलं, आमचा जुना कोड प्रत्येक पानावर सेशन (वाचकाला ओळखून ठेवण्याची सोय) सुरू करत होता. त्यामुळे उत्तरासोबत कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवायची छोटी नोंद, जायची, वर ‘नो-स्टोअर’, म्हणजे ‘साठवू नका’ ही सूचनाही. शिवाय वाचकाच्या ब्राउझरकडून भेटींच्या आकडेवारीच्या कुकी यायच्या, आणि विनंतीत कुकी दिसली की व्हार्निश मुळातच ती सरळ मागे पाठवतं. सेशन फक्त लॉगिनपुरतं ठेवलं, आकडेवारीच्या कुकी व्हीसीएलमध्ये (व्हार्निशचे नियम लिहायची भाषा) काढून टाकल्या आणि पुन्हा कर्ल चालवलं. एज 7. थोड्या वेळाने 31. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

इथे घाई मात्र करू नका. कुकी असली तरी कॅश कर, असा सरसकट नियम मी एकदा लिहिला आणि एका सदस्याचं नाव असलेलं पान दुसऱ्याला दिसलं. चाचणीच्या सर्व्हरवर होतं म्हणून निभावलं. लॉगिनची कुकी असलेली विनंती ‘पास’ करायची, म्हणजे कॅश टाळून सरळ मागे पाठवायची, यात तडजोड नाही.

मला सर्वात आवडलेली सोय म्हणजे ‘ग्रेस’. मुदत संपलेलं पान वाचकाला देऊन ताजं पान मागच्या मागे आणलं जातं. मुळात ती 10 सेकंदांची असते, मी 6 तासांची ठेवलीय. एकदा भर दुपारी डेटाबेस बंद पडला, तरी कॅशमधले लेख उघडत राहिले.

दोन गोष्टी खटकतात. एचटीटीपीएस ही आवृत्ती स्वतः हाताळत नाही, त्यासाठी पुढे ‘हिच’ नावाचा प्रोग्राम किंवा एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर लागतो. आणि कॅश रॅममध्ये असल्यामुळे रीस्टार्ट केला की सगळी रिकामी होते, म्हणून मी रीस्टार्ट पहाटेच करतो. नियम बदलायचे असतील तर मात्र रीस्टार्टची गरज नाही. नवं व्हीसीएल चालू व्हार्निशमध्ये लोड होतं, कॅश जागेवर राहते.

साइट लहान असेल तर एन्जिनएक्सची स्वतःची कॅश पुरेशी आहे, तीच वापरा. प्रत्येक पान माणसागणिक वेगळं असेल तर दोन्हींचा फारसा उपयोग नाही. लेख, बातम्या, कॅटलॉग असं सगळ्यांना सारखं दिसणारं काही असेल आणि गर्दी अचानक उसळत असेल, तर व्हार्निश जरूर बसवा.